उशीवरून दिसणारा रस्ता

वास्तू ही माणसाच्या आत्म्याने धारण केलेली काया आहे. हे वाक्य माझ्या ऑफिसच्या दारावर स्टीलच्या अक्षरांत लावलेलं आहे. उद्घाटनाच्या वेळी मेव्हण्याने भेट दिलं आणि स्वतः उभं राहून ठोकून घेतलं. गेल्या अकरा वर्षांत त्या पाटीखालून आत आलेल्या एकाही माणसाने आत्म्याचा विषय काढलेला नाही. लोक विचारतात, गेटवर दोन सिंह बसतील का, आणि बसले तर तोंड रस्त्याकडे ठेवायचं की एकमेकांकडे.

मी चिखलीत घरांचे नकाशे काढतो. कॉम्प्युटरवर घर उभं करतो, रंग देतो, दारात गाडी लावतो, आकाशात दोन ढग सोडतो. मी इंजिनिअर नाही, डिप्लोमावाला आहे. पण हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, म्हणून मी सांगणं सोडून दिलं आहे. आमच्याकडे कोणालाही उतरतं छत नको असतं. उतरतं म्हणजे टिन, आणि टिन म्हणजे अजून स्लॅब पडला नाही. तेच छत पुण्याच्या माणसाने डोंगरावर बांधलं आणि खाली पोहण्याचा हौद केला, की त्याचे फोटो मोबाइलवर येतात आणि आमचे लोक विचारतात, भाऊ, हे किती छान हाये, काऊन नाही करत तुम्ही असं? मी म्हणतो, तुमचं होतं ते मागच्याच वर्षी पाडलं.

असंच पाडलेलं एक घर अमडापूरच्या पुढच्या एका गावातलं. त्या घरातला मुलगा नव्या घराच्या नकाशासाठी माझ्याकडे आला होता. पुढे चार खांब, आत दुप्पट उंचीचा हॉल, छताला पीओपीचा गोल. जुन्या घरावर टिनाची एक माडी होती. नकाशात मी ती तुटक रेघांनी दाखवली आणि शेजारी लिहिलं, 'सध्याचे बांधकाम, पाडणे'. तिचं माप घेतलं नाही. पाडायचं ते कोण मोजतो.

नव्या घराचा स्लॅब पडल्यावर एका दुपारी त्या मुलाचे वडील एकटेच ऑफिसात आले. सत्तरीच्या आतबाहेरचे, भाजीपाला करणारे, नखांत वांग्याच्या झाडांचा काळा राप. बसा म्हटलं तरी थोडा वेळ उभेच राहिले.

"ते माडी तुम्हीच पाडली नं?"

"काका, पाडली तुमच्या पोरानं. मी फक्त रेघा मारल्या."

"मंग आता तुम्हीच बांधा. याच्यात." त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "जशी होती तशी."

मला वाटलं, फोटो करून भिंतीला लावायचा असेल. लोक तसं करतात. जुनं घर पाडायचं आणि नव्या हॉलमध्ये त्याची तसबीर टांगायची, खाली दिवे सोडायचे. मी म्हटलं, एखादा जुना फोटो आणा, त्यावरून करू. ते म्हणाले, फोटो एकच आहे, पोराच्या लग्नातला, आणि त्यात माडी मांडवाच्या कापडामागे आहे.

मग त्यांनी खिशातून सुतळीचा एक गुंडा काढून टेबलावर ठेवला. सुतळीला गाठी मारलेल्या होत्या. माडीवरचे पत्रे आता गोठ्यावर टाकले होते. पत्र्यांना जुन्या बोल्टांची भोकं होती, आणि त्या भोकांमधली अंतरं म्हाताऱ्याने गोठ्यावर चढून सुतळीत धरून आणली होती. शेवटच्या भोकापुढे पत्रा किती बाहेर येई, तिथे दुहेरी गाठ होती. मी बरीच मापं पाहिली आहेत. मोबाइलमध्ये फोटो काढून आणलेली, सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेली. इतकं सरळ माप कोणी आणलं नव्हतं.

"तिच्या उशीवरून वरचा थांबा दिसे का नाही, येवढंच पाहाचं हाये मले," ते म्हणाले.

ती म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे आठ महिने ती त्या माडीवर पडून होती. खाली टीव्ही, पाहुणे, धान्य. वर हवा आहे, असं तिनेच ठरवलं होतं. घर उताराच्या खालच्या अंगाला, रस्ता वर. माडीच्या बुटक्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर तीन गजांची खिडकी, खिडकीला लागून खाट. खिडकीसमोर रस्त्याची चढण आणि चढणीच्या माथ्यावर एस.टी.चा थांबा: तीन भिंती, वर पत्रा, आत सिमेंटचं बाक.

हे त्यांनी सांगितलं. पुढचं सांगताना ते माझ्याकडे न पाहता माऊसकडे पाहत होते.

"रोज सांजीले ती इचारे, आता बरं वाटंल नं मले? रोज. मी म्हणो, हाव. मंग म्हणो, मोटारीची लाईन आली, पाणी द्यायले जातो वावरात. अन् वावरात जात नव्हतो. थांब्यात बसो. ती झोपली असंल असं वाटलं का मी खाली ये."

"रोज?"

"आठ महिने."

"कोणी काही म्हटलं नाही?"

"थांब्यात बसलेल्या माणसाले कोण काय म्हणते. गाडीची वाट पाहून राह्यला असंल."

ती कधी काही बोलली नाही. पाणी झालं का, एवढं विचारायची. ते झालं म्हणायचे. आता माडी पडली, आणि मग त्यांच्या डोक्यात आलं की आपण एकदाही त्या खाटेवर डोकं टेकून पाहिलं नाही. माडी उभी होती तोवर दोन मिनिटांचं काम होतं ते. आता त्यासाठी चिखलीला यावं लागलं.

मी नकार द्यायला हवा होता. पण सुतळी समोर होती.

घरं उभी करणाऱ्या प्रोग्रामची जगाबद्दल काही ठाम मतं असतात. भिंत उभीच असते आणि छत आडवंच असतं, हे त्यांतलं पहिलं. तिरपी भिंत मागितली तर तो देत नाही. त्याला फसवावं लागतं. भिंतीऐवजी एक फळी घ्यायची, ती कलती करायची आणि भिंत म्हणून उभी करायची. छताचंही तेच: पातळ फरशी एका कडेने उचलून धरायची, आणि बाजूच्या भिंतींची टोकं एकीकडे उंच, एकीकडे ठेंगणी करायची, म्हणजे त्या छताला जाऊन भिडतात. म्हातारे सांगत गेले, रस्त्याकडची भिंत चार बोटं बाहेर झुकली होती. मी ती चार बोटं झुकवली. उंच बाजूला हात वर केला की लाकडाला लागायचा; त्यांना उभं करून मी हाताचं माप घेतलं.

"अन् बुटकी बाजू?"

"पयले पाच पोत्याइची थप्पी लागे भिंतीले. पाचव्यावर टिन. बोटही जाय नाही मधात."

सोयाबीनचं पोतं कसं असतं हे मला माहीत आहे. ऑफिससमोरून रोज ट्रॅक्टर जातात. आडवं टाकलेलं पोतं सात इंच धरलं, पाच पोती, फुगवट्याला एक इंच; छत्तीस. तीन फूट. वरून पत्रा आणखी अडीच फूट बाहेर, उतरत उतरत.

माडी तयार झाली. रिकामी, राखाडी, कुठेही डाग नाही. अशा खोलीत गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे की आपली सावली पडत नाही. आपण फिरतो, खाली वाकतो, भिंतीतून आरपार जातो, आणि खोलीला काही कळत नाही. मी आयुष्यात शेकडो अशा खोल्यांतून फिरलो आहे आणि कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मी खाटेपाशी जाताना आवाज होऊ नये म्हणून माऊस हळू सरकवला.

थांबा रस्त्यावर ठेवला. बाकावर बसायला माणूस हवा होता. प्रोग्राममध्ये मापासाठी माणसं मिळतात, पण बसलेली जेवढी आहेत तेवढी सगळी कॉफी पितात. त्यातला कमीत कमी गोरा निवडला आणि बसवला.

"हा कोन हाये?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही. उंची कळावी म्हणून."

"हा आपल्याकडे काऊन पाहून राह्यला?"

मी खोली फिरवली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाठीमागून पाहिलं. पाठ दिसलीच नाही. हातात कप धरून तो प्रत्येक वेळी आमच्याकडेच तोंड करून होता. ही माणसं कागदासारखी सपाट असतात. कडेने पाहिलं तर रेघ दिसेल, म्हणून ती पाहणाऱ्याकडे आपोआप वळतात, तशी सोय केलेली आहे. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची जरा मागे घेतली.

मग मी नजर उशीवर आणली. खाटेची उंची दीड फूट, उशी चार इंच, वर डोळे. पडद्यावर टिन इतकं जवळ आलं की दोघांनीही मान खाली केली. तोंड खिडकीकडे वळवलं. तीन गज, गजांपलीकडे पुढे आलेल्या पत्र्याची खालची बाजू आणि पत्र्याखाली चढणीच्या मातीचा एक पट्टा. रस्ता नाही. थांबा नाही.

"हे टिन वरतं करा."

"काका, आपण मोजलं तेवढंच आहे."

"म्हणजे नव्हतं दिसत."

"नव्हतं."

त्याच वेळी लाईट गेली. पडदा काळा झाला आणि त्यात आम्ही दोघं दिसलो. मी पुढे, ते माझ्या खांद्यामागे, दोघंही खिडकी जिथे होती तिथे पाहत असलेले. यूपीएस टूं टूं करत राहिलं; पडदा त्यावर जोडलेला नव्हता. मग त्यांनी श्वास सोडला. पोतं खाली ठेवणारा माणूस सोडतो तसा.

"बरं झालं," ते म्हणाले. जाताना सुतळी टेबलावरच राहिली.

पुढचे काही दिवस मी चार खांब आणि दोन सिंह यांत होतो. पण सकाळी कॉम्प्युटर लावून प्रोग्राम उघडला की तो आधीची फाइल उघडायचा, आणि फाइल उघडायची ती उशीवरून. टिन जवळ, गज, मातीचा पट्टा. शेवटी जिथून पाहिलं ती जागा प्रोग्राम लक्षात ठेवतो. त्यात काही नवल नाही. मी फाइल बंद करायचो आणि गेटच्या कामाला लागायचो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की फाइल उघडताना मी मान डावीकडे कलती करून बसलो आहे, उशीवर ठेवतात तशी.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. काखेत गोणपाटाची घडी होती. ती त्यांनी टेबलावर उलगडली. ज्यूटचं जुनं बारदान, जाड, कडेला लाल पट्टा, माझ्या टेबलाएवढं.

"पोतं हे हाये," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही.

"तुम्ही कोनतं धरलं?"

"सोयाबीनचं. प्लास्टिकचं."

"ते तं आताचं. अर्ध्या क्विंटलचं. ते कायचं पोतं हाये? ते तं पिशवी हाये बे." बे म्हटल्यावर त्यांना ओशाळल्यासारखं झालं, पण मागे घेतलं नाही. "आमच्या माडीत क्विंटलाचे पोते राहत. दोन माणसं लागत उचलाले."

इथे हे नोंदवायला हवं की त्यांना यायची काहीच गरज नव्हती. पहिल्या हिशेबाने ते सुटले होते. कॉम्प्युटरने सांगितलं होतं, आणि आमच्याकडे कॉम्प्युटरने सांगितलेल्या गोष्टीला कोणी आव्हान देत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"काका, राहू द्या नं. झालं ते झालं."

"झोप नाही लागून राह्यली. गोठ्यात गेलो अन् बारदान दिसलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. नव्या घराला प्लास्टर चालू होतं. मुलगा शहरातून टाइल्स आणायला गेला होता. घरी सून होती. तिला सासऱ्यांनी काय सांगितलं होतं कोण जाणे. तिने बारदानाचं तोंड धरलं आणि आम्ही दोघांनी त्यात सोयाबीन ओतलं. तोंड शिवून पोतं आडवं पाडलं आणि वर दुसरं टाकल्यासारखा भार यावा म्हणून म्हातारे स्वतः त्यावर बसले. मी टेप लावला. साडेनऊ इंच.

"पाच वेळा," ते पोत्यावरूनच म्हणाले.

साडेसत्तेचाळीस. चार फूटच धरा. माझ्या माडीपेक्षा फूटभर उंच.

सून म्हणाली, "काय मोजून राह्यले हो बाबा?"

"माडी."

"ते तं पडली."

"म्हनूनच."

ती आत गेली. मी मग चढून थांब्यापर्यंत गेलो. आधी अंदाजाने ठेवलेला थांबा आता नीट ठेवायचा, तर अंतर, चढ, भिंती, पत्रा, बाक सगळं घ्यायला हवं होतं. दुपारची वेळ, थांब्यात कोणी नव्हतं. बाकाच्या एका टोकाला सिमेंट गुळगुळीत झालं होतं. तिथे बसून खाली पाहिलं. माडी होती त्या उंचीवर आता चार खांबांपैकी दोनांची टोकं दिसत होती आणि मधे नुसती हवा. त्या हवेतल्या एका ठरावीक जागी दोन वर्षांपूर्वी एक उशी होती, आणि मी आता तिच्या अगदी समोर बसलो होतो. उठलो तेव्हा मला वाटलं आपल्याला कोणीतरी उठताना पाहिलं. रस्ता मोकळा होता. हे मी लिहायला नको होतं, पण लिहिलं.

ते माझ्यासोबतच चिखलीला आले. थांबायला तयार नव्हते. मी बुटकी भिंत चार फूट केली. पत्रा उचलला गेला, बाजूच्या भिंतींची टोकं त्याला भिडली, खोलीने जरा अंग सैल केल्यासारखं केलं. थांबा मोजल्या जागी नेला. कॉफीवाला बाकाच्या गुळगुळीत टोकाला बसवला.

"तयार?" मी विचारलं. असं मी गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही.

"हाव."

नजर उशीवर आणली आणि खिडकीकडे वळवली.

गज. गजांपलीकडे पत्र्याची कड. कडेखाली मातीची चढण, चढणीवर रस्त्याची काळी रेघ, आणि रेघेवर, पत्र्याच्या कडेला अगदी लागून, दोन पाय. गुडघ्यापासून खाली. पिंढऱ्या आणि बूट. वरचा माणूस नाही, कप नाही, तोंड नाही. पत्र्याची कड गुडघ्यांवरून सरळ गेली होती.

मी उशी इंचभर वर घेतली, इंचभर खाली घेतली. पाय थोडे लांबले, थोडे आखूड झाले. बाकीचा माणूस आला नाही.

खोली कितीही फिरवली तरी तो माणूस पाहणाऱ्याकडे वळतो हे मी आधी सांगितलं आहे. उशी हलवली तसे ते पाय किंचित वळले. बुटांची टोकं आमच्याकडे झाली.

म्हातारे पुढे वाकले. त्यांनी पडद्याला हात लावला नाही, पण बोट काचेच्या जवळ नेलं आणि पायांवर धरलं.

"मिठाचं पाणी," ते म्हणाले.

मी माऊस सोडून त्यांच्याकडे पाहिलं.

"रोज खाली उतरलो का अंगणात बादली राहे. गरम पाणी, मीठ टाकून. सूनबाई म्हने, आईनं सांगतलं, बाबाचे पाय सुजून राह्यले. मी समजो, सांगतलं आपन का वावरातून आलो, म्हनून. सुजतच होते पाय. येवढा येळ लोंबकाळत बसल्यावर सुजनारच." ते खुर्चीत मागे टेकले. "मी तिच्यापाशी उभाच राहो. पाय कधी वर घेतले नाही तिच्या खाटेवर. तिले कुठी दिसले माहे पाय सुजलेले?"

या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर होतं.

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा हॉर्न वाजत राहिला. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "म्हणजे तिला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून, का नंतर?"

"ते यात दिसत नाही."

"हाव." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. "तोंड नव्हतं दिसत म्हन्ता."

"नाही. कसंही पाहिलं तरी नाही."

"मंग ठीक हाये. तोंड दिसलं असतं तं मुश्कील होतं."

ते उठले. मी प्रिंट काढून देतो म्हटलं. ते नको म्हणाले. कोणाला दाखवणार, पोरगा म्हणेल हे काय, नुसते पाय. दारात पाटीखाली चपला घालताना ते एकदा थांबले आणि फाइल ठेवणार की पुसणार असं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. ते वळून चौकाकडे चालत गेले, बऱ्यापैकी वेगाने.

फाइल मी ठेवली आहे. नंतर एकदा सवयीने त्यातली मापं तपासली. थांब्यातल्या बाकाची उंची जमिनीपासून तेवीस इंच आहे. साधारण सतरा-अठरा ठेवतात. बांधणाऱ्याने विटांचे दोन थर जास्त घातले. त्या बाकावर बसलं की पाय जमिनीला टेकत नाहीत; तासभर लोंबकळले तर कोणाचेही सुजतात, त्यासाठी सूज दिसावी लागत नाही.